पायाचा दगड आणि चार तारा

बेस गिटारला तारा कुठल्या लावायच्या, हा प्रश्न खरं तर दुकानाच्या काउंटरवर सुटायला हवा. जाडी सांगा, किंमत विचारा, घ्या, लावा, वाजवा. मी पुण्यातल्या एका चारजणांच्या बँडमध्ये सात वर्षं बेस वाजवते आहे आणि दर वेळी नवा सेट घ्यायची वेळ आली की माझं गाडं भलत्याच ठिकाणी अडतं. मला ऐकू यायचंय का? आणि मी ऐकू यावं की येऊ नये, हे ठरवायचं कुणी?

हा प्रश्न आवाजाइतकाच नीतीचाही आहे, असं मला वाटतं. ते कसं, हे सांगण्याआधी तारांविषयी थोडं सांगायला हवं.

बेसच्या तारेत पोलादाचा एक गाभा असतो आणि त्याच्याभोवती दुसरी तार घट्ट गुंडाळलेली असते. ही बाहेरची तार गोल असेल तर ती राउंडवाउंड. तिच्यावरून बोट फिरवलं तर कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखं खरखरतं. बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेली असेल तर ती फ्लॅटवाउंड, हाताला गुळगुळीत सळईसारखी लागणारी. राउंडवाउंडचा आवाज झणझणीत, धारदार, लांब आस असलेला. फ्लॅटवाउंडचा आवाज गोल आणि दबका. गाण्यात तो नेमका कुठे आहे ते चटकन सांगता येत नाही, पण काढून घेतला तर गाणं पोकळ होतं. त्यातही निकेलची तार जरा मऊ, स्टेनलेस स्टीलची जास्त चकचकीत आणि फ्रेट लवकर झिजवणारी. नेहमीच्या सेटमधल्या तारांची जाडी ०.०४५ इंचापासून ०.१०५ इंचापर्यंत. साध्या गिटारच्या सेटच्या तिप्पट-चौपट पैसे जातात. त्यामुळे जुन्या तारा पाण्यात उकळून मळ काढायचा आणि चार दिवसांपुरती चमक परत आणायची, ही युक्ती आमच्यात बहुतेकांना ठाऊक असते.

१९५१ साली लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला. माणसापेक्षा उंच डबल बेसची जागा घेणारं हे वाद्य, तेव्हा त्याने तसंच मागे राहून घुमावं अशी अपेक्षा होती. तारा चपट्याच असत. पुढे साठच्या दशकात दोन वादकांनी या तारांच्या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरं दिली.

पहिला लंडनचा जॉन एन्टविसल, ‘द हू’ या बँडचा बेसवादक. एका बाजूला गिटार फोडणारा पीट टाउनझेंड, मागे ड्रमवर कीथ मून नावाचं वादळ. या गदारोळात बेस बुडणारच. १९६५च्या ‘माय जनरेशन’मध्ये एन्टविसलने चक्क बेसचा सोलो वाजवला. त्याला हवा होता तो आवाज डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक तारांमधून यायचा, पण त्या तुटायच्या आणि सुट्या मिळायच्या नाहीत. म्हणून तार तुटली की अख्खा नवा बेस विकत घ्यावा लागला, असं तो सांगत असे. १९६६मध्ये त्याने रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीच्या जेम्स हाऊ यांच्याबरोबर काम करून हवा तसा राउंडवाउंड सेट घडवून घेतला. पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणीत आवाज. आज दुकानात जाऊन नुसतं ‘बेसच्या तारा’ म्हटलं की बहुतेक वेळा याच जातीचा सेट हातात पडतो.

दुसरा डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. जन्म १९३६चा, साउथ कॅरोलायनातला. हाताला सवय डबल बेसची. मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात तयार झालेल्या ढीगभर गाजलेल्या गाण्यांचा बेस त्याचा आहे. १९६२चा प्रिसिजन बेस, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, आणि वाजवायला उजव्या हाताची एकच तर्जनी. तार तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही. वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ तारांवर साचायचा आणि आपला आवाज त्या मळातच आहे अशी त्याची श्रद्धा होती. ऐकणाऱ्याचं लक्ष गायकाकडे असतं. पण एकदा कान खाली नेला की त्या दबक्या आवाजात केवढी नक्षी चालली आहे ते कळतं आणि मग गाणं पहिल्यासारखं ऐकताच येत नाही.

एकाने स्वतःला ऐकू येण्यासाठी नवी तार घडवून घेतली. दुसरा जुनी तार घेऊन गाण्याच्या पोटात शिरला. यात थोर कोण?

आपल्यावरचे संस्कार झटकन उत्तर देतात, की दुसरा. निरपेक्षपणे मागे राहणारा माणूस आपल्याला आवडतो. त्याच्यासाठी आपल्याकडे एक ठेवणीतली उपमाही आहे, पायाचा दगड. कळस सगळ्यांना दिसतो, पायाचा दगड दिसत नाही, पण भार तोच उचलतो. मलाही ती उपमा आवडायची. एका रेकॉर्डिंगनंतर मात्र तिच्याकडे मी जरा सावधपणे पाहायला लागले.

एका गायकाच्या गाण्यासाठी मला बोलावलं होतं. गाणं संथ, शब्दांना महत्त्व असलेलं. संयोजक म्हणाले, ‘या तारा फार टणटणतात, फ्लॅट लाव.’ त्यांचं म्हणणं बरोबर होतं. राउंडवाउंडची धार गायकाच्या व्यंजनांवर येत होती. मी फ्लॅटवाउंड लावल्या आणि गाणं उजळलं. महिन्याभराने ते प्रसिद्ध झालं. खाली गीत, संगीत, गायन, गिटार, तबला अशी सगळ्यांची नावं होती. बेस कुणी वाजवला ते नव्हतं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘अगं, तू तर गाण्याचा पाया आहेस. पाया कधी दिसतो का?’

उत्तर प्रेमाने दिलं होतं. पण मी हे वाक्य आधी कुठे ऐकलंय, हे आठवायला मला वेळ लागला नाही. माझ्या आजीबद्दल सगळे हेच म्हणायचे. ‘तिच्यावाचून घरातलं पान हलायचं नाही, पण कधी पुढे पुढे केलं नाही तिने.’ आजी शेवटी जेवायची. तिच्या वाट्याला काय उरायचं, हे त्या कौतुकात कधी आलं नाही. तिला पुढे यायचं होतं का, हेही कुणी विचारलं नव्हतं. कौतुक इतकं भरभरून व्हायचं, की त्यानंतर काही मागणं म्हणजे कृतघ्नपणाच वाटावा.

जेमरसनकडे पुन्हा पाहू. गाणी जगभर वाजत होती, पण मोटाउनच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर साथीच्या वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती. जेमरसनचं नाव आलं ते १९७१मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. १९८३मध्ये कंपनीच्या पंचवीस वर्षांचा मोठा सोहळा झाला, तेव्हा तो काळ्या बाजारातलं तिकीट काढून बाल्कनीत बसला होता, असं सांगतात. त्याच वर्षी तो गेला. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तोही ‘साइडमन’ या नव्या विभागात. साइडमन म्हणजे बाजूचा माणूस. मान मिळाला, पण बाजूचाच.

आपल्याकडेही वेगळं काही नव्हतं. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये गोव्याहून आलेल्या वादकांच्या पिढ्या राबल्या. रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर संगीतकार, गीतकार, गायक. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकत वाढलेल्या कितीजणांना हे नाव माहीत असेल? ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं. पडद्यामागचे, हे नावातच आलं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुला प्रसिद्धी हवी आहे, सरळ सांग ना. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. बेसवादकाला ऐकू येण्याची हौस जडली की गाण्याचं काय होतं ते मी पाहिलंय. शब्द संपायच्या आत याची सुरावट सुरू, ड्रमला श्वास घ्यायला जागा नाही, आणि सगळं झणझणीत. साथीला संयम लागतोच. गाणं सांगतं, मागे हो, तेव्हा मागे व्हावं. त्यात मला कमीपणा वाटत नाही, उलट आनंद होतो. तंबोऱ्याची साथ करणाऱ्याला विचारा. चार तारा तासभर एकसारख्या छेडत राहायचं, हा काही आत्मत्याग नव्हे. त्या स्वरात बसायला मिळतं, हेच सुख असतं.

पण गाणं मागे व्हायला सांगतं आणि माणूस मागे राहायला सांगतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आवाजाची. तिचं उत्तर तारेत आहे, बोटात आहे, ॲम्पच्या बटणात आहे. दुसरी देण्याघेण्याची. तिचं उत्तर नावात, मानधनात आणि निर्णयातल्या वाट्यात आहे. पायाच्या दगडाच्या उपमेत या दोन्ही गोष्टींची अशी काही गाठ बसते, की पहिलीला हो म्हटलं की दुसरीलाही हो म्हटलं असं धरलं जातं. मी फ्लॅटवाउंड लावल्या, म्हणजे माझं नाव नसलं तरी चालेल असं मी कधीच म्हटलं नव्हतं.

त्या दोन गोष्टींची गाठ तारेने घातलेली नाही, याचा पुरावाही आहे. ‘आयर्न मेडन’चा स्टीव्ह हॅरिस वाजवतो फ्लॅटवाउंड तारांवर. त्याच जुन्या, दबक्या म्हणवल्या जाणाऱ्या तारा. पण तो बँडचा संस्थापक आहे, मुख्य गीतकारांपैकी एक आहे आणि स्टेजवर पुढे येऊन वाजवतो. तार चपटी असली म्हणून माणसाने चपटं व्हावं असा काही नियम नाही.

आता उलटी बाजू. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यावर एखादं गाणं इअरफोनशिवाय लावून पाहा. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो धड काढताच येत नाही. तरी आपल्याला बेस थोडाफार ऐकू येतो, कारण तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वरही उमटतात आणि त्यांच्यावरून आपला मेंदू न वाजलेला खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. राउंडवाउंड तारेत, त्यातही नव्या तारेत, हे वरचे स्वर भरपूर असतात. जुन्या फ्लॅटवाउंडमध्ये ते कमी. म्हणून रील करायची असेल तर चकचकीत तार लावा, असं आज आम्हाला सांगितलं जातं.

म्हणजे आधी सक्ती होती ती न दिसण्याची, आता दिसण्याची. आधी खर्जाने गप्प बसावं, आता खर्जानेही ओरडावं. बदललं काय, तर सांगणारा. तेव्हा मला वाटतं, ऐकू येणं हा सद्गुण नाही आणि न येणं हाही नाही. दोन्ही वाटा मोकळ्या असताना माणूस काय निवडतो, त्यात गुण असेल तर असेल. जिच्यासमोर एकच वाट होती, तिने ती वाट आनंदाने चालली, म्हणून तिचं गुणगान करणाऱ्यांनी आधी आपल्याकडे पाहावं. आजीच्या बाबतीत तर नक्कीच.

मी स्वतःपुरत्या दोन कसोट्या ठरवल्या आहेत. मला मागे राहायला सांगणारा कधी स्वतः मागे राहतो का? आमच्या बँडचा गिटारवादक एका गाण्यात अख्खी दोन कडवी नुसता उभा राहतो, कारण तिथे बेस आणि आवाज पुरेसा आहे. त्याने मला ‘इथे जरा कमी कर’ म्हटलं तर मी एका शब्दाने वाद घालत नाही. आणि दुसरी, मागे राहण्याची किंमत फक्त माझ्याच खिशातून जाते का? आता कुठलंही बाहेरचं काम घेताना मानधन आणि नाव यांचं बोलणं मी आधी संपवते. तारांचं बोलणं नंतर. गंमत म्हणजे, हे आधी झालं की तारांचं बोलणं फार सोपं होतं. गाण्याला काय हवं एवढाच प्रश्न उरतो.

सध्या माझ्या बेसवर फ्लॅटवाउंड आहेत. वर्ष होत आलं, मळल्यात, आणि आता कुठे त्यांना आवाज फुटतोय. केसच्या खिशात राउंडवाउंडचा एक न फोडलेला सेट ठेवलेला असतो. बहुतेक वेळा तो लागत नाही. तरी प्रत्येक रेकॉर्डिंगला मी तो घेऊन जाते.