सहकुटुंब, सहपरिवार

आमच्या चिंचणीच्या घरात लग्न ठरले की पत्रिकांवर नावे घालण्याचे काम माझ्याकडे येते. अक्षर बरे, आणि वेळ मोकळा! परवा पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन ओटीवर बसलो होतो. समुद्राच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर अडकित्ता ठेवला होता. पुतणी समोर झोपाळ्यावर. थट्टेने म्हणालो, "आजची नवरी, उद्याची बायको!"

"आणि नवरा? तो उद्याही नवराच ना?"

माझे पेन थांबले. खरेच की! दोघे एकाच बोहल्यावर चढतात. पण नवरी हळद उतरेपर्यंतच नवरी, आणि नवरा पंच्याहत्तरी उलटली तरी नवराच. ही वाटणी कोणी केली?

मग दोघांना मिळून एक शब्द शोधण्याचा खेळच सुरू झाला. कोणी 'लग्नाळू' सुचवला. पण तो अक्षता पडेपर्यंतच चालायचा. 'बोहलेकर' हे तर आडनाव वाटले. वहिनीने कडी केली. पोरगा, पोरगी, पोरगं. तसे नवरा, नवरी, नवरं! "आमचं नवरं कामावर गेलंय," हे तिने अशा काही सुरात म्हटले की दादा वर्तमानपत्रामागे दडला. तसे पाहिले तर आपल्या नपुंसकलिंगात माया फार. लेकरू, पाखरू, पिल्लू सारी तिथलीच. मालवणीत चेडू, म्हणजे मुलगी, तीही त्यातच. संस्कृत पंडितांनी तर बायकोला तिन्ही लिंगे देऊन टाकली: भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि 'दार' चक्क पुल्लिंगी, तेही नित्य बहुवचनी! म्हणून तिच्या हाती सत्ता आली असे काही झाले नाही. उलट आमच्याच डहाणू तालुक्यात वारल्यांची लग्ने धवलेरी लावते, आणि ती बाई असते. शब्दांत काय आहे, असे मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

पुतणीने एक पाकीट पुढे केले. "यावर काय लिहाल, काका?"

तिच्या दोन मैत्रिणी पुण्याला असतात, एकमेकींच्या जन्माच्या सोबतिणी म्हणून. अशा लग्नांना मान्यता देणे हे संसदेचे काम, आपले नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. 'श्री. व सौ.' इथे चालेना. दोन पाकिटे केली तर आम्ही त्यांना परक्या ठरवणार. एकीच्याच नावाने केले तर दुसरी नुसती बरोबर आलेली. माझी ऐट उतरली. ज्या नात्याला शब्द नाही, त्याला आमंत्रण द्यायचे कसे?

'जोडीदार' मनात आला, पण पाकिटावर तो कसा लिहायचा? मग नजर कोपऱ्यात छापलेल्या 'सहकुटुंब, सहपरिवार' वर गेली. माझे आजोबा "आमचे कुटुंब आजारी आहे" म्हणत, तेव्हा ते आजीविषयी बोलत असत. बायकोचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही म्हणून घेतलेला तो आडोसा! आजीचे नाव मला कळले, ते ती गेल्यावर.

मी दोघींची नावे पूर्ण लिहिली, मध्ये 'आणि' घातला. 'सहकुटुंब' खोडले नाही.

"यात कुटुंब कोण?" पुतणीने विचारले.

"ते त्यांचं त्या बघतील."

दादाने पाकीट उचलून चष्म्याच्या वरून वाचले. जरा वेळ गेला. मग त्याने डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.