ताप कोणाला सांगावा?

ताप लपवणे हा गुन्हा आहे काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याच्या अंगात ताप आहे आणि जो आणखी सात जणांबरोबर एका खोलीत झोपतो, त्याने गप्प राहणे म्हणजे त्या सातही जणांचा जीव धोक्यात घालणे, हे कोणीही मान्य करील. पण त्याने तोंड उघडले तर खाडा पडतो, खोली सुटते, आणि ज्या गावी पैसे पाठवायचे त्या गावातली चूल थंडावते. अशा माणसाकडून आपण खऱ्याची अपेक्षा कोणत्या हक्काने करतो? कोरोनाच्या साथीने हा प्रश्न आपल्या दारात आणून ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. प्रश्न मात्र तेथेच आहे. पुढची साथ येईल तेव्हा तो पुन्हा विचारला जाईल.

पेण आणि रोहा या आपल्या दोन तालुक्यांकडे पाहिले की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पेणची ओळख गणपतीच्या मूर्तींमुळे. पेण शहर, हमरापूर, जोहे या परिसरात मूर्तींचे कारखाने दाटीने उभे आहेत. साच्यातून मूर्ती काढणारे, ती घासून गुळगुळीत करणारे, रंगारी आणि डोळ्यांची आखणी करणारे कारागीर एकाच छपराखाली शेजारी शेजारी बसतात. हंगाम जवळ आला की रात्रीही काम चालते आणि बाहेरगावचा कारागीर मूर्तींच्या बाजूलाच पथारी टाकतो. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे रसायनांचे कारखाने, म्हणून काम पाळ्यांत. कायम कामगार आपल्या घरी जातो. ठेकेदाराचा माणूस भाड्याची खोली पाहतो. भाडे परवडावे म्हणून खोलीतली माणसे वाढतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी परततो आणि दिवसपाळीला गेलेल्याच्या चटईवर आडवा होतो. नळ एक, संडास एक, स्टोव्ह एक. अशा माणसाला कामावरचा रोग खोलीत आणू नकोस आणि खोलीतला रोग कामावर नेऊ नकोस असे सांगणे सोपे आहे. त्याने ते पाळावे कसे?

केंद्र सरकारने १५ एप्रिल २०२० रोजी नियम काढले आणि औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना २० एप्रिलपासून अटींवर काम सुरू करण्याची मुभा दिली. कामगारांची राहण्याची सोय शक्यतो आवारात किंवा लगतच्या इमारतीत करावी, दारावर ताप तपासावा, दोन पाळ्यांमध्ये तासाभराचे अंतर ठेवावे, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी द्याव्यात, अशा त्या अटी होत्या. त्या योग्यच होत्या. परंतु कपाळावर रोखलेले यंत्र फक्त ताप पाहते. पुढे कळले ते असे की, लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच बाधित माणसाकडून रोग पसरू शकतो, आणि बंद, कोंदट जागेत तो हवेतून पसरतो. म्हणजे दारावरच्या यंत्रापेक्षा खोलीची खिडकी, खोलीतल्या माणसांची संख्या आणि 'आज अंगात कसर वाटते' असे सकाळीच सांगण्याची मोकळीक या तीन गोष्टी अधिक मोलाच्या होत्या. पहिल्या दोन पैशाने मिळतात. तिसरी फक्त विश्वासाने मिळते, आणि विश्वास साथ आल्यावर बाजारातून आणता येत नाही.

साथीच्या काळात माणसाने कसे वागावे, याचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झालेला आहे. सातव्या शतकात शाम प्रांतात प्लेग पसरला तेव्हा तिकडे निघालेले खलिफा हजरत उमर सर्ग येथून मागे फिरले. अल्लाहने लिहिलेल्या तकदीरीपासून आपण पळता काय, असे हजरत अबू उबैदा यांनी त्यांना विचारले. त्यावर, आपण त्याच्याच एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर हजरत उमर यांनी दिले. साथीच्या गावात जाऊ नये आणि आपण असू त्या गावात साथ आली तर तेथून पळू नये, ही हदीसही याच प्रसंगी सांगितली गेली. २०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद राहिल्या, तरावीह घरी झाली, तेव्हा या प्रसंगाचा दाखला अनेकांनी दिला. पण त्या हदीसच्या दुसऱ्या भागाचा अर्थ आपण पुरता उलगडत नाही. जो आत थांबतो तो बाहेरच्यांसाठी थांबतो. मग बाहेरच्यांवर त्याचे ऋण चढत नाही काय? त्याचे जेवण, त्याची मजुरी, त्याच्या घरची काळजी हे उपकार नव्हेत. ती त्या ऋणाची फेड आहे.

ही फेड झाली नाही की काय होते, हे आपल्या मुंबई इलाख्याने एकदा पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. हाच कायदा २०२० मध्येही वापरला गेला. पुण्यात रँडच्या हाताखालचे सैनिक घराघरांत शिरले आणि लोक रोग्यांना लपवू लागले. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात, मुसलमान विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली. सरकारच्या लेखी हे लोक अडाणी होते. पण त्याच काळात तरुण आगाखानांनी हाफकिन यांची प्लेगची लस लोकांसमोर स्वतः टोचून घेतली, आणि पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी स्वतः प्लेगला बळी पडल्या. जो आपला जीव माझ्या जिवाशेजारी ठेवतो, त्याच्यापासून रोगी आजार लपवीत नाही. लपवण्याचे मूळ अज्ञानात कमी आणि भीतीत अधिक असते.

भीती केवळ मजुरीची नसते. २०२० च्या उन्हाळ्यात रोगाला एका समाजाचे नाव चिकटवण्यात आले, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. निकाल आला, पण तोवर कित्येक मोहल्ल्यांत खोकलासुद्धा दाबून खोकला जात होता. जेथे आजार म्हणजे आरोप, तेथे आजारी माणूस आरोपीसारखाच वागणार.

श्रीमंती असली की हे टळते असेही नाही. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या आणि सधन देशात साथ शहरात आवरली, पण परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत ती वणव्यासारखी पसरली. तेथील कामगारांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना लागण होऊन गेल्याचे त्या सरकारने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. मजूर तेच, नियमही कडक. पण एका खोलीत माणसे किती झोपवायची हे मजुरांनी ठरवलेले नव्हते.

मग सारा दोष मालकावर टाकून मोकळे व्हावे काय? तेही न्यायाचे होणार नाही. पेणच्या लहान कारखानदाराने कर्ज काढून मूर्ती भरून ठेवल्या होत्या. २०२० मध्ये सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा आली; आधी घडवलेल्या मोठ्या मूर्तींचे करायचे काय, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदीत पूर्ण मजुरी द्या, असा आदेश केंद्राने २९ मार्चला काढला होता. तो १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी बोलणी करून मार्ग काढावा असे सुचवले. कामगार विमा योजनेत आजारपणात ७० टक्के मजुरी वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. पण हंगामी कारागिराला आणि ज्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत नाही त्याला ती कोठून मिळणार? कायदा येथे येऊन थांबतो, आणि उरलेला रस्ता माणसांनी आपसांत चालायचा असतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. ताप लपवणे चूक आहे, यात शंका नाही. पण मिरास वाटताना जसे प्रत्येकाचे हिस्से ठरतात, तसे या दोषाचेही ठरवले पाहिजेत. ताप लपवणाऱ्याचा हिस्सा आहेच. खाडा कापणाऱ्या ठेकेदाराचा आहे, दहा माणसांना एक नळ देऊन माणशी भाडे घेणाऱ्या घरमालकाचा आहे, आजाऱ्याचे नाव गावभर करणाऱ्या शेजाऱ्याचाही आहे. ज्याच्या हाती आजाऱ्याला अभय देणे अधिक होते, त्याचा हिस्सा अधिक.

हा हिशेब आपल्यापासून दूरचा नाही. कोकणातल्या आपल्या जमातींत खोल्या भाड्याने देणारी घरे आहेत, आणि आखातातल्या कामगार-छावण्यांत खाटेवर खाट चढवून वर्षे काढलेली माणसेही आहेत. परदेशातल्या खोलीत एकाला ताप आला की बाकीच्यांच्या मनात काय येते, हे ज्यांनी अनुभवले, त्यांना आपल्या गावात आलेल्या बिहारच्या किंवा ओडिशाच्या मजुराचे मन समजावून सांगावे लागू नये. प्रत्येक जमातीने, प्रत्येक कारखान्याने साथ नसतानाच चार गोष्टी ठरवून ठेवाव्यात: खिडकी असलेली एक रिकामी खोली, आजारपणाच्या दिवसांची ठरलेली मजुरी, दोन वेळचा डबा आणि नाव न फोडण्याचा शब्द. फार मोठा खर्च नाही. एवढे झाले की मग आजाऱ्याला खुशाल विचारावे, तू ताप का लपवलास? त्याआधी तो प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला नाही.