उभं राहवत नाही, असं सांगणारा अर्जुन


आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ३०.

अर्जुन म्हणतो, गात्रं गळाली, गांडीव हातातून निसटतंय, उभंही राहवत नाही.

जानेवारी २०२५. पुण्यात जीबीएसची साथ होती. या आजारात, बरेचदा पोट बिघडल्यानंतर, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा कधी श्वासापर्यंत चढतो. तेव्हाच एका सकाळी चाकणच्या कंपनी बसची पायरी मला चढवेना. ‘रिलीज आहे, थकवा असेल,’ म्हणून दोन दिवस कुणाला बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये कोसळलो, तेव्हा बायकोला सांगितलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. “दोन दिवस का थांबलात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्जुनाने मात्र दोन्ही सैन्यांच्या मधोमध, आपल्या सारथ्याला सगळं सांगितलं. तो गप्प राहिला असता, तर गीता झाली असती का?

शरणागती इथूनच सुरू होते. पायातलं बळ अचानक गेलं तर नाम घ्याच, पण त्याच दिवशी डॉक्टरही गाठा. मदत मागणं ही श्रद्धेतली उणीव नाही.

आज मी काठी घेऊन आळंदीला घाटापर्यंत चालत गेलो.

राम कृष्ण हरी!