पैलतीराची वाट

नवी मुंबईतील एखाद्या धर्मग्रामात लग्नाची मेजवानी रंगात आली, की बहुधा एक गाणे लागतेच. वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे पाहुणे आपापली बोली बाजूला ठेवून त्याच्या ठेक्यावर नाचू लागतात. ‘हांव सायबा पलतडी वैतां’ हे ते गाणे. इतक्या ठिकाणच्या माणसांना एकत्र आणणारे हे गीत मुळात आहे कशाविषयी, हा प्रश्न मात्र त्या आनंदात सहसा कुणाच्या मनात येत नाही.

अमेरिकेच्या कंट्री संगीतातील कथागीतांप्रमाणे यातही एक कथा आहे. एका कलावंतिणीला नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचे आहे. तिला वाट ठाऊक नाही. ती नावाड्याची विनवणी करते, अंगावरचे दागिने काढून देऊ पाहते. नावाडी नको म्हणतो. देवळाच्या सेवेला वाहिलेल्या या स्त्रियांना लग्नाचा संसार नव्हता. जिला स्वतःचे लग्न नाही, ती दुसऱ्याच्या लग्नात नाचण्यासाठी आपले सोने देऊ करते, असा या नाचऱ्या गाण्याचा अर्थ आहे.

कार्लोस एउजेनियो फेरेरा यांची ही देखणी १८९५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७३ साली राज कपूर यांच्या ‘बॉबी’ चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी तिची चाल वापरली आणि ती देशभर पोहोचली. चाल पैलतीराला गेली. ती स्त्री मात्र ऐलतीरावरच राहिली.

मग या गाण्यावर नाचणे गैर आहे काय? मुळीच नाही. आनंद हा अपराध नव्हे. शिवाय देखणीची परंपराच आपल्याला एक वाट दाखवते. गोव्यातील ख्रिस्ती स्त्रिया हिंदू कलावंतिणीचा वेश घेऊन हे गीत सादर करीत आणि तिच्या तोंडचा ‘मी’ स्वतःच्या तोंडून उच्चारीत. परक्याचा ‘मी’ आपल्या ओठांवर घेणे ही साधी गोष्ट नाही. ती नुसती नक्कल होऊ शकते, नाहीतर करुणेचा आरंभ होऊ शकतो. दोहोंतील फरक गाण्यात नसतो. तो गाणे संपल्यावर आपण काय करतो यात असतो.

नावाड्याकडे वाट मागणाऱ्या त्या स्त्रीच्या समाजाने आपली वाट अखेर स्वतःच काढली. त्याच समाजातील राजाराम पैंगीणकर यांनी सुधारणेची चळवळ उभारली आणि आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव ‘मी कोण’. आपण ज्यांच्या कलेवर डोलत होतो, त्यांनी आपल्याला विचारलेला तो प्रश्न आहे.

काना गावच्या लग्नाची हकीकत सांगताना योहान एक बारीक गोष्ट नोंदवतो. द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ते ठाऊक होते. एवढ्या मोठ्या चमत्कारातही शुभवर्तमानाचे लक्ष राबणाऱ्या हातांकडे जाते. आपल्या मेजवान्यांत ते जाते काय?

मे १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली आणि खाडी ओलांडणे सोपे झाले. तरी लग्नघरी वाढणारी मुलगी, भांडी घासणारी बाई, वाद्ये आवरणारे वादक यांच्यापैकी अनेकांना मध्यरात्री पलीकडेच जायचे असते. शेवटची गाडी चुकली तर त्यांची सोय काय, ती जेवली का, ठरलेले पैसे त्याच रात्री हातात पडले का, हे यजमानाने विचारायला हवे. नावाड्याने दागिने नाकारले, यात त्याचा निर्लोभीपणा असेलही. पण त्या स्त्रीने त्याच्याजवळ निर्लोभीपणा मागितला नव्हता. तिने वाट मागितली होती.