लोखंडाच्या रानात हिराकस

परभणी जिल्ह्यात नाव घ्यावी अशी खाण नाही. दगडाच्या खदानी आहेत, मुरूम निघतो, गोदावरी-दुधनेच्या वाळूचे लिलाव होतात. पण सरकारदरबारी ही सगळी गौण खनिजं. लोखंड, तांबं, कोळसा म्हटलं की आपण विदर्भाकडे बोट दाखवून मोकळे.

खरं तर लोखंड इथे कमी नाही. जिंतूरच्या डोंगरातला शंभर किलो काळा दगड घेतला, तर त्यात आठ-दहा किलो लोह सहज असतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचाच हा दगड. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल विंधन घेतलं, तेव्हा तो 338 मीटरवर संपला. एवढं लोखंड, तरी खाण नाही, कारण ते सगळीकडे सारखं विखुरलेलं. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरात तेच दाट गोळा झालं आहे. साठा व्हायचा तर पदार्थ एका जागी आणावा लागतो, नाहीतर त्याच्याभोवतीचं बाकीचं काढून न्यावं लागतं. पुष्कळदा ही हमाली पाणीच करतं.

कोल्हापूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, हाच काळा दगड होता. धो धो पावसानं युगानुयुगं त्यातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेली. मागे उरला जांभा, आणि त्यात ॲल्युमिनियमचं खनिज, बॉक्साइट. तिथे खाणी झाल्या.

परभणीवर पावसाचा हात आखडता. दगड कुजून चिकण काळी माती झाली, पण चुना वाहून गेला नाही. पावसाळ्यात तो विरघळून खाली उतरतो, ऊन तापलं की पाणी उडतं आणि त्याच्या गाठी बनतात. विहिरीच्या कडेला काळ्या थराखाली त्या दिसतात, बोराएवढ्या, मळकट पांढऱ्या, खडबडीत. त्यांवर लिंबू पिळलं तर फसफसतात. पूर्वी अशीच चुनखडी भाजून, घाणीत मळून गढ्या-वाड्यांचा चुना होई. साठा कसा तयार होतो हे पाहायला आणखी कुठे जायला नको. ते काम या मातीत दरवर्षी चालू आहे.

या चुन्याची एक करामत मात्र भारीच. पाऊस लागून राहिला की चुनखडीच्या रानातलं सोयाबीन पिवळं पडतं. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. उसाला तसं झालं की केवडा पडला म्हणतात. ही लोहाची कमतरता. अशा मातीचा सामू आठाच्या आसपास किंवा वर असतो, तिथे लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं आणि मुळांच्या तोंडी लागत नाही. पायाखाली टनावारी लोखंड असलेला शेतकरी मग कृषी सेवा केंद्रातून हिराकशीची पिशवी आणतो आणि अर्ध्या टक्क्याचं पाणी करून पंपानं पानांवर मारतो. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. पोलादाचा पत्रा गंधकाम्लानं धुतानाही ते निघतं, म्हणजे त्यातलं लोखंड कुठल्या तरी दूरच्या खाणीतून आलेलं.

माती परीक्षणाच्या कागदावर मुक्त चुनखडीचा एक रकाना असतो. बहुतेक जण नत्र, स्फुरद, पालाश एवढंच वाचून कागद घडी घालून खिशात टाकतात.