मरियेची कबर कुठे?

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटजवळ, सेंट मेरीज बॅसिलिका आहे. तिथली मरिया साडी नेसते. सप्टेंबर उजाडला की भगव्या कपड्यांतले भाविक लोटतात. त्यांत हिंदू असतात, मुसलमानही असतात. ८ सप्टेंबरला, तिच्या जन्मदिवशी, रथ निघतो. त्या गर्दीत मला दरवेळी वाटतं, जिच्या जन्माचा एवढा सोहळा, तिनं डोळे कुठे मिटले? बायबलमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

उत्तर देणारी गावं दोन आहेत. जेरुसलेमला, किद्रोनच्या ओढ्याकाठी, गेथशेमनेच्या बागेजवळ चाळीसहून जास्त पायऱ्या उतरलं की खडकात कोरलेली कबर लागते. मरियमला मानणाऱ्या मुसलमानांसाठी तिथे मिहराबही आहे. १९७२ मध्ये फादर बेलार्मिनो बगात्ती यांनी उत्खनन केलं, तेव्हा ही जागा पहिल्या शतकातल्या दफनभूमीत असल्याचं त्यांनी मांडलं.

दुसरं गाव इफिसस, आजच्या तुर्कस्तानातलं. येशूनं क्रुसावरून आईला शिष्याच्या हवाली केलं. परंपरेनं तो शिष्य म्हणजे योहान, आणि योहान पुढे इफिससला गेला. तेव्हा आईही गेली असणार, असा हा तर्क. ४३१ ची धर्मपरिषद इफिससलाच भरली होती. तिच्या एका पत्रात ‘जिथे योहान आणि देवमाता मरिया’ अशा अर्थाचे शब्द येतात आणि पुढे क्रियापदच नाही. मरिया तिथे राहिली, तिथे पुरली गेली, की तिच्या नावाचं चर्च तिथे आहे? तिन्ही अर्थ लावता येतात. डोंगरावरचं ‘मरियेचं घर’ तर १८९१ मध्ये सापडलं. स्मिर्नाच्या लाझारिस्ट पाद्र्यांनी ते शोधलं ते ॲन कॅथरीन एमेरिक या जर्मन जोगिणीला झालेल्या दर्शनांच्या वर्णनावरून. ती १८२४ मध्येच वारली होती, इफिसस तिनं कधी पाहिलंही नव्हतं. तरी पॉल सहावे, जॉन पॉल दुसरे आणि बेनेडिक्ट सोळावे हे तीन पोप त्या घराच्या उंबऱ्याशी जाऊन आले.

पुराव्याच्या बाजूनं पाहिलं तर माझं माप जेरुसलेमकडे झुकतं. पण कबर पहिल्या शतकातली असणं वेगळं आणि ती मरियेची असणं वेगळं. चौथ्या शतकातले एपिफानियस मूळचे पॅलेस्टाइनचेच. तिचा शेवट कसा झाला हे कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. इतक्या जवळच्या माणसाचं हे म्हणणं मला दोन्ही दाव्यांपेक्षा वजनदार वाटतं.

आपल्याला हे परकं वाटू नये. नामदेवांची समाधी पंढरपूरच्या पायरीशी आहे आणि पंजाबातल्या घुमानलाही आहे. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले या श्रद्धेमुळे देहूत त्यांची समाधीच नाही. मरियेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत: जागा दोन, आणि दोन्हीकडे देह नाही, कारण तो स्वर्गात नेला गेला अशी श्रद्धा. जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरचा देह आहे. त्याचा उजवा हात १६१४ मध्ये तोडून रोमला नेला. देह हाती असला की भक्तीही असं काही करून बसते. मरियेच्या वाट्याला ते आलं नाही, याचं मला समाधान वाटतं.

म्हणून यातली एक जागा खोटी ठरवा, असा हट्ट कुणी धरू नये. अभ्यासकानं पुरावा तोलावा, निकाल स्पष्ट सांगावा; पण भाविकाच्या पायऱ्या मोडायला जाऊ नये. रोमनं स्वतः हा संयम पाळला आहे. पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत जाहीर केला. त्या सिद्धांताच्या वाक्यात तिचं पृथ्वीवरचं आयुष्य पूर्ण झालं एवढंच म्हटलं आहे. ती मरण पावली असंही त्यात नाही, आणि गावाचं नाव तर नाहीच.