छापचित्राला आश्रय हवा

सोलापुरी चादर उलटून पाहिली की एका बाजूचा लाल मोर दुसऱ्या बाजूला पांढरा दिसतो. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर येते, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पडतात, ती कार्डे जकार्ड यंत्रावर चढतात आणि शेवटी कापडावर मोर उमटतो. नक्षी काढणाऱ्याचा हात कापडाला लागतच नाही. हे पाहत वाढलेल्या मुलामुलींना एचिंग ही छापचित्राची पद्धत लवकर उमगावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. तिथेही चित्रकार थेट कागदावर रेघ ओढत नाही. जस्ताच्या पत्र्यावर मेण आणि डांबराचा लेप द्यायचा, सुईने रेघ ओढायची, उघड्या पडलेल्या धातूला आम्लाने खाऊ द्यायचे, खाचेत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि भिजवलेला कागद ठेवून पत्रा प्रेसच्या रुळांतून काढायचा. डावे उजवीकडे जाते. अक्षरे हवी असतील तर ती उलटी कोरावी लागतात.

एवढी कृती एका सत्रात शिकता येते. त्यापुढचे शिक्षण मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण त्यात पुन्हा त्याच पत्र्याकडे परतायचे असते. रेघ आम्लात जास्त वेळ राहिली तर खोल जाते आणि काळी छापली जाते. किती वेळ ठेवायची हे मनातल्या चित्राच्या रूपावरून ठरवावे लागते. चुकलेली रेघ खरवडून, घासून सपाट करायला अख्खी दुपार जाते. एक ठसा काढायचा, भिंतीवर लावायचा, आठवडाभर पाहायचा, मग पत्रा पुन्हा आम्लात. कुठे थांबायचे हा निर्णय विद्यार्थ्याने स्वतः घ्यायचा असतो, आणि तो घ्यायला वर्षे लागतात.

ही वर्षे प्रेसच्या शेजारीच काढावी लागतात. रंगचित्रकार पदवी घेऊन गावी आला तर कॅनव्हास आणि ब्रश घरात मावतात. मुंबईहून किंवा बडोद्याहून छापचित्र शिकून सोलापुरात परतलेल्याला प्रेस, आम्लाची हवेशीर जागा आणि कागद भिजवायची टाकी कुठून मिळणार? तो रंगकामाकडे वळतो, नाहीतर शाळेत चित्रकला शिकवू लागतो. त्याच्या हातातली विद्या यंत्रावाचून सुकते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही कला नेहमी कुणाच्या तरी आश्रयानेच वाढली. पुण्यात इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या काळात एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरायला शिकला आणि १८०५ मध्ये मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. शतकाहून अधिक काळाने पॅरिसमध्ये स्टॅन्ली हेटर यांनी १९२७ मध्ये सामायिक कार्यशाळा काढली. पुढे तिचे नाव अतेलिए १७ पडले. आंध्रातले कृष्णा रेड्डी आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले कैको मोती तिथेच काम करीत. शाईचा चिकटपणा कमीजास्त केला आणि मऊ-कडक रूळ वापरले तर एकाच पत्र्यावरून अनेक रंग एकदम छापता येतात, ही पद्धत त्या सामायिक खोलीत घडली. एकट्याच्या घरात ती घडली असती असे मला वाटत नाही.

म्हणून महाविद्यालयांनी छापचित्राचे वरचे वर्ग काढावेत, पण प्रेसला कुलूप लावून सत्र संपवू नये, अशी माझी मागणी आहे. संध्याकाळी ती माजी विद्यार्थ्यांना वापरता यावी. नगराने एक जुनी यंत्रमागाची शेड त्यासाठी द्यावी. एचिंगची प्रेस म्हणजे दोन भरीव रूळ, एक सरकता पाट, दातेरी चाके आणि दाब कमी-जास्त करायचे स्क्रू. मागांचे सुटे भाग कातणाऱ्या इथल्या लेथवाल्यांना हे काम परके नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहराने यंत्रे दुरुस्त करीतच दिवस काढले आहेत. पत्र्यावरची शाई पुसायला कांजी लावलेले विरळ सुती कापड लागते. तेही इथल्याच मागावर विणता येईल.